सहकाऱ्याबद्दल एक प्रसंग लिहा

जेनेल कुपचिकला टेसा विनगार्ड पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको झाली. टेसाचा गुन्हा काय, तर तिने हसून विचारलं होतं, "ही खुर्ची रिकामी आहे का गं?"

आता यात रागावण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. पण जेनेल तोवर चाळीस मिनिटं त्या वर्गात एकटी बसून पहिल्या धड्याच्या टिपणांवर तीन रंगांच्या रेघा ओढत होती. ही बाई मात्र तास सुरू व्हायला दोन मिनिटं असताना आली. हातात वही नाही, पेन नाही, फक्त एक हिरवं सफरचंद. बसल्या बसल्या म्हणाली, "मला तर वाटलं होतं आज नुसती ओळखपाळख असेल." तास सुरू झाला. प्राध्यापकांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि सफरचंद चावता चावता उत्तर दिलं ते टेसाने. बरोबर दिलं, हे तर जेनेलला अजूनच झोंबलं.

ओहायोतल्या त्या कॉलेजात एक वर्षाचा एक मास्टर्स चालतो. ज्यांना मेडिकलला जायचंय पण कॉलेजातले जुने मार्क आडवे आलेत, अशांसाठी. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर एकाच वर्गात बसायचं, तेच तास, तेच पेपर. फरक एवढाच, की त्यांच्या ओळखपत्राची दोरी पांढरी आणि यांची पिवळी. त्यांच्या सरासरीच्या वर राहिलात, तर फेब्रुवारीत मुलाखत. मुलाखत पार पडली, तर बत्तीस पिवळ्यांतल्या दहाजणांना पुढच्या वर्षी पांढरी दोरी. बाकीच्यांनी पदवी घ्यायची आणि घरी जायचं. त्या पदवीचं लोणचं घालायचं की काय, ते ज्याचं त्याने बघावं.

जेनेल एकतीस वर्षांची. यंग्सटाउनच्या एका इस्पितळात आठ वर्षं लोकांचं रक्त काढायची. हात इतका हलका, की वॉर्डातले म्हातारे "त्या कुपचिकच्या पोरीलाच बोलवा" म्हणून अडून बसायचे. कॉलेज तिने नोकरी सांभाळून केलं होतं. पहाटे पाचला सुया टोचायच्या आणि दहाला रसायनशास्त्राच्या तासाला पेंगायचं. मार्क पडायचे तसेच पडले. हे वर्ष म्हणजे तिची शेवटची उडी होती. दुसऱ्यांदा मारायला अंगात बळ नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि टेसाचे मार्क का कमी पडले होते माहितीये? नाव वल्हवत होती म्हणून! कॉलेजच्या नौकाशर्यतीच्या संघात होती म्हणे. स्वतःच हसत हसत सांगितलं, "सकाळी नदीवर जायचं आणि मग तासाला झोपायचं. बाबा असले चिडायचे!" बाबा हाताच्या हाडांचे मोठे सर्जन. शरीररचनेच्या प्राध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ग्रेगची मुलगी ना तू? कसा आहे ग्रेग?" जेनेलच्या बापाचं नाव आजवर कुठल्या प्राध्यापकाने घेतलं नव्हतं. तो पोलाद कारखाना बंद पडल्यावर फ्लोरिडाला गेला, तो तिकडचाच झाला.

डिसेक्शनच्या हॉलमध्ये चार चार जणांना एक टेबल आणि टेबलावर चिरून शिकायला एक मृतदेह. नशीब असं खट्याळ, की सात नंबरच्या टेबलावर जेनेल आणि टेसा समोरासमोर आल्या. तिसरा ओमारी. सैन्यात जखमींना पट्ट्या बांधून आलेला, सदा चेष्टा करणारा. चौथा क्विन, जो डिसेंबरपर्यंत एकूण दहा-बारा वाक्यं बोलला असेल.

जेनेल रोज संध्याकाळी धुलाईच्या दुकानात कपडे फिरत असताना प्रश्नांची कार्डं घोकायची. टेसाच्या घरात धुण्याचं यंत्र होतं. जेनेल घोकून घोकून ब्याऐंशी आणायची आणि टेसा "मला तर काहीच येत नव्हतं" म्हणत एक्क्याण्णव. टेसाचं अक्षर सुंदर. टेसाचे बूट सुंदर. टेसाला सर्दी झाली तरी नाक लाल होत नव्हतं. एकदा ओमारीचा पेपर वाईट गेला, तर टेसाने त्याच्याबरोबर तीन तास बसून सगळं समजावलं. तेव्हा तर जेनेलच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेली चांगुलपणातही पहिली!

"जेनेल, कानांतून वाफ येतेय तुझ्या," ओमारी एकदा हळूच म्हणाला.

"कुठे काय?"

"तिच्या सफरचंदाकडे अशी बघतेस, की ते बिचारं आपोआप किसलं जाईल."

जेनेलची आई मार्ज, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. ती रोज फोन करायची. जेनेल दोन मिनिटं स्वतःचं सांगायची आणि अठरा मिनिटं टेसाचं. तिने आज काय घातलं होतं, तिला कोण काय म्हणालं, तिला किती पडले. शेवटी एकदा आई वैतागली.

"अगं बये, तू मेडिकलला गेलीयेस की टेसाला?"

"तुला नाही कळायचं, आई. दहाच जागा आहेत."

"मग उरलेल्या नऊंकडे बघ ना. माझं ऐकशील तर शुक्रवारी घरी ये. चर्चमध्ये बटाटा भरून पिरोग्या करायच्यात. कणीक तिंबलीस की डोकं शांत होईल."

जेनेल गेली नाही. शुक्रवारी टेसा ग्रंथालयात बसते, हे तिला माहीत होतं. ती उठेपर्यंत आपण उठायचं नाही, असा तिचा नेम होता.

ऑक्टोबरात हाताचं डिसेक्शन सुरू झालं. तोवर देहाचे हात आणि चेहरा ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवतात. माणसाला माणूस आठवू नये, म्हणूनच असावं. सात नंबरच्या टेबलावर एक म्हातारी बाई होती. टेसाने उजव्या हातावरचं फडकं सोडलं आणि ती थबकली. म्हातारीच्या नखांना रंग होता. फिकट पोवळ्याचा, कडेने टवके उडालेला. टेसाने हातातली सुरी ताटात ठेवली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती हातमोजे काढून बाहेर गेली, ती परत आलीच नाही. त्यानंतरच्या तासालाही तेच. दहा मिनिटं थांबली आणि गेली.

ओमारी तिच्या मागे धावला. क्विनसुद्धा दारापर्यंत गेला. जेनेल मात्र गेली नाही. तिने टेसाची सुरी उचलली आणि टेसाच्या वाट्याचा तळहात सोडवायला घेतला. एकेक शीर, एकेक दोरा असा स्वच्छ वेगळा केला, की प्राध्यापकांनी बाकीच्या टेबलांना बोलावून दाखवलं. "हे बघा, याला म्हणतात काम!"

खोटं कशाला बोला, जेनेलला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं, तेवढं सबंध वर्षात वाटलं नव्हतं. टेसा का रडली, हा प्रश्न तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण उत्तर काहीही असलं तरी ते आपल्या फायद्याचंच आहे, हेही त्याच्यासोबत आलं. तेव्हा विचारायचं कशाला?

डिसेंबरात सत्र संपलं, तशी सगळ्यांच्या हातात एकेक फॉर्म पडला. ही त्या मास्टर्सची जुनी पद्धत. टेबलावरच्या तिघांबद्दल प्रत्येकाने लिहायचं. कामात कसा, वेळेला कसा, आणि शेवटी, "या सहकाऱ्याबद्दल एक प्रसंग लिहा." हे कागद संचालिका बर्टोलिनीबाईंकडे जायचे आणि त्यांतलं त्या मुलाखतीच्या फाइलीत घालायच्या, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे पोरं एकमेकांना आधीच सांगून ठेवायची, "माझ्याबद्दल नीट लिही बरं का!"

ओमारीबद्दल जेनेलने चार चांगल्या ओळी लिहिल्या. क्विनबद्दल तीन. टेसाच्या कागदापुढे ती सबंध दुपार बसली. खोटं तिला लिहायचं नव्हतं. खोटं लिहिणाऱ्यातली ती नव्हतीच. तिने लिहिलं:

"हाताच्या डिसेक्शनच्या वेळी टेसा दोनदा रडत हॉलबाहेर गेली. तिच्या वाट्याचं काम मी पूर्ण केलं. ती हुशार आहे, पण एवढ्या हळव्या मनाला हा पेशा झेपेल का, याची मला काळजी वाटते."

तिने ते तीनदा वाचलं. "काळजी वाटते" हे शब्द तर तिला फारच आवडले. त्यांनी सगळ्याला कशी एक माया आल्यासारखी झाली होती.

निकाल लागला. जेनेल सरासरीच्या वर दोन गुणांनी. टेसा नऊ गुणांनी. दोघींनाही मुलाखत.

जेनेलची मुलाखत मंगळवारी. समोर डॉक्टर लँगस्टन, साठीच्या पुढच्या, चाळीस वर्षं लहान मुलांचं औषधपाणी केलेल्या. आवाज मऊ, चष्मा साखळीला. त्यांनी जेनेलच्या नोकरीचं विचारलं, आईचं विचारलं, पिरोग्यांत बटाट्याबरोबर काय घालता तेही विचारलं. जेनेल खुलली. हे जमतंय, असं तिला वाटायला लागलं. मग बाईंनी फाइलीतून एक कागद काढला.

"तुम्ही सहकाऱ्यांबद्दल लिहिलेलं इथे आहे."

"मी लिहिलेलं?" जेनेल म्हणाली. "म्हणजे… त्यांनी माझ्याबद्दल लिहिलेलं ना?"

"नाही नाही. तसंच वाटतं सगळ्यांना. दुसरे तुमच्याबद्दल काय लिहितात, ते मैत्रीवर जातं. आम्ही तुमच्या फाइलीत तुमचंच लिहिलेलं घालतो. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलंय तसं. कुणी उलटून बघत नाही." बाई हसल्या आणि चष्मा लावून त्यांनी ती तीनही वाक्यं सावकाश वाचून दाखवली. नाव तेवढं वगळलं.

तीन रंगांच्या रेघा ओढणारी बाई, आणि कागद उलटून बघितला नाही!

"का रडत होती ती?" लँगस्टनबाईंनी विचारलं.

"मला… माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"नंतर कधी?"

"नंतरही नाही."

"एकाच टेबलावर होतात, नाही का, ऑगस्टपासून?" बाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर परवडला असता. "काळजी वाटते, असं लिहिलंय तुम्ही. विचारलं नाहीत, तर काळजी कसली वाटत होती?"

खरं उत्तर जेनेलच्या अगदी जिभेवर होतं. मला तिचा हेवा वाटतो, बाई. रात्रंदिवस वाटतो. पण सहा महिन्यांची मेहनत, शेवटची उडी, दहा जागा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. ती ताठ बसली आणि म्हणाली, "मला तिच्या खासगी गोष्टीत डोकावायचं नव्हतं. तिला तेवढी मोकळीक द्यावी, असं वाटलं."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

मार्चच्या मध्यावर पत्रं आली. जेनेलला चार ओळींचं. यंदा जागा देता येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, शुभेच्छा. तिने ते दोनदा वाचलं, घडी घातली, जीवरसायनाच्या पुस्तकात ठेवलं आणि तासाला गेली. रडली नाही. रडायला वेळच नव्हता. टेसाला मिळाली का, हे आधी कळायला हवं होतं.

मिळाली होती. टेसाला नसती मिळाली, तर त्या कॉलेजाने कुणाला दिली असती!

दोन दिवसांनी दुपारी जेनेल कॅन्टीनच्या कोपऱ्यात आईने पाठवलेला डबा उघडून बसली होती. टेसा आली आणि न विचारता समोर बसली.

"जे, मला ओमारीने सांगितलं. फार वाईट वाटलं गं मला. खरंच."

"असू दे," जेनेल म्हणाली. मनात म्हणाली, वाईटही हिलाच वाटायचं, जागाही हिलाच मिळायची.

"मला तुला एक सांगायचं होतं. सांगितल्याशिवाय राहवेना." टेसाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ऑक्टोबरात मी बाहेर गेले होते ना? गेल्या उन्हाळ्यात माझी आई गेली. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात मी तिची नखं रंगवली होती. अगदी तोच रंग. ते फडकं सोडलं आणि… जाऊ दे."

टेसाच्या तोंडी आठ महिने नुसते 'बाबा' होते, आईचं नाव एकदाही नव्हतं, हे जेनेलच्या आत्ता लक्षात आलं. आणि हेही सांगून टाकायला हवं, की तेवढ्यातही तिच्या मनात चटकन येऊन गेलं, मला आई आहे, हिला नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी तिच्यापाशी होतं आणि टेसापाशी नव्हतं. ते मनात आलं आणि तिची तिलाच किळस वाटली.

"सगळे विचारत होते," टेसा म्हणत होती. "ओमारीने तीनदा विचारलं. क्विनने चिठ्ठी लिहिली. बाबांचे मित्र फोन करत होते. सांगून सांगून जीव नकोसा झाला होता मला. एक तू विचारलं नाहीस. माझं काम गुपचूप उरकलंस आणि कधी बोलूनही दाखवलं नाहीस. मी तेच लिहिलं तुझ्याबद्दल. लिहिलं, की माझ्या आईजवळ शेवटी अशी डॉक्टर असायला हवी होती. खासगी गोष्टीत न डोकावणारी."

"कुठे लिहिलंस?" जेनेलने विचारलं.

"त्या फॉर्मवर. माझ्या मुलाखतीत त्या लँगस्टनबाईंनी वाचून दाखवलं. तुझ्यानंतर दोन दिवसांनी होती ना माझी. वाचलं आणि चष्मा पुसला. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं, याने तुला नक्की मदत होणार. मग कशी नाही झाली, कळत नाही मला."

जेनेलला कळलं. तिने टेसाबद्दल लिहिलेलं तिच्याच फाइलीत पडलं होतं आणि टेसाने तिच्याबद्दल लिहिलेलं टेसाच्या. तिच्या दुष्टाव्याचासुद्धा फायदा टेसालाच झाला होता! पुन्हा जळायला याहून चांगलं कारण मिळालं नसतं. पण आत आता जळत नव्हतं. 'खासगी गोष्टीत न डोकावणारी.' आपण थाप मारली, तेच शब्द ही खरं मानून बसलीये आणि वर आभार मानतेय, हे तिला सोसवेना.

"टेसा, तसं नव्हतं ते," ती म्हणाली.

"कसं नव्हतं?"

"मी विचारलं नाही, कारण मला बरं वाटलं होतं. तू रडत बाहेर गेलीस, तेव्हा मला आनंद झाला. तुझी जागा जाईल आणि मला मिळेल, असं वाटलं. मी फॉर्मवर लिहिलं, की तू हळवी आहेस, तुला हे झेपणार नाही. मी जळत होते तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून."

टेसाने टेबलावरचे हात काढून मांडीवर घेतले. तिचं नाक लाल झालं होतं.

"मी ते सगळ्यांना सांगितलं होतं," ती हळू म्हणाली. "बाबांनासुद्धा. म्हटलं, एक माणूस आहे तिथे, ज्याला न सांगता कळतं."

"टेसा, मी…"

"नको, जे. आता नको." ती उठली. जाकीट घालताना तिला बाही सापडेना. दोनदा चुकली, मग तशीच अर्धं जाकीट खांद्यावर टाकून निघून गेली. जेनेल उठून तिच्या मागे जाणार होती. पण कुठल्या तोंडाने जाणार?

ती बसून राहिली. पत्र आलं तेव्हा न आलेलं रडू आता आलं, आणि असं आलं, की तिला तोंड लपवायलाही सुचेना. कॅन्टीनमध्ये पांढऱ्या दोऱ्या होत्या, पिवळ्या होत्या, जो तो आपापल्या पुस्तकात. पलीकडे टेबलं पुसत एक बाई चालली होती. जेनेलने तिला कधी बघितलं नव्हतं, तिने जेनेलला. तिने फडकं टेबलावर ठेवलं, ओले हात एप्रनला पुसले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"काय गं पोरी," ती म्हणाली, "काय झालं?"